आवाज थांबला की क्रेन थांबते

मी आयुष्यभर काय काम केलं, हे माझ्या सख्ख्या मेव्हण्यालाही मला धड पटवून देता आलं नाही. इंजिनिअरला इमारत दाखवता येते, सुताराला दरवाजा दाखवता येतो. मी सेफ्टी ऑफिसर. माझं काम चोख झालं तर दाखवायला काहीच उरत नाही. कुणी पडला नाही, कुणाचा हात गेला नाही, कुणाला ऊन लागलं नाही, सकाळी जेवढे आले तेवढेच संध्याकाळी बसमध्ये चढले, झालं. मेव्हणा म्हणतो, "म्हणजे काही न घडण्याचा पगार घेता की तुम्ही!" घेतो बाबा. तूही ये एकदा जुलै महिन्यात दोह्याला, आणि काही न घडवून दाखव.

मी मूळचा राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावचा, कोकणी मुसलमान. उमेदीची सगळी वर्षं कतारमध्ये बांधकामांवर काढली आणि यंदा निवृत्त झालो. दोह्यात अल मुंतझातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सध्या खोके बांधणं चाललंय, आणि त्यातल्याच एका खोक्यावर कागद ठेवून हे लिहितोय. संपादकांनी कामाच्या आठवणी लिहा म्हणून सांगितलंय. आता मी कुठल्या कंपनीत कधी लागलो आणि बढती कधी मिळाली, हे वाचून कुणाचं भलं होणार? मी आपला शब्दांबद्दल लिहितो. सिमेंट-लोखंडातल्या माणसाचा शब्दांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही आधी तसंच वाटायचं.

साइटवर उजाडता उजाडता, काम सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांना एकत्र उभं करून सेफ्टी ऑफिसरने चार गोष्टी सांगायच्या असतात. याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. आज खड्डा कुठे आहे, वायर कुठे उघडी आहे, कमरेचा पट्टा का बांधायचा, पाणी का प्यायचं. कंपनीकडून इंग्रजी कागद येतो, तो वाचून दाखवला की काम झालं. समोर नेपाळी, बंगाली, मल्याळी, तेलुगू, फिलिपिनो, अशी सगळी दुनिया. अर्ध्यांचे डोळे मिटलेले, उरलेल्यांचे मोबाइलवर. पालथ्या घड्यावर पाणी! त्यात माझ्या नाकावर राग. मी ओरडायचो, ते माना डोलवायचे, आणि मी पाठ फिरवली की पट्टे सोडून मोकळे व्हायचे.

उन्हाळ्यात साइटवर सावलीची एक शेड असते. पंखे, थंड पाणी, लिंबू-मिठाचं सरबत, सगळं असतं. कागदावर तिचं नाव 'रेस्ट शेल्टर'. पण तिकडे कुणी फिरकायचं नाही. तिथे बसला तो कामचुकार, असा सगळ्यांचा समज. एकदा मी चिडून टेक बहादूरला धरलं. टेक बहादूर म्हणजे आमच्याकडचा परांची बांधणारा नेपाळी, अंगाने काडी पण खारीसारखा सरसर वर चढणारा.

"काय रे, तुझ्या गावात डोंगर चढताना दमलास तर बसत नाहीस?" मी हिंदीत विचारलं.

"बैठता है ना सर. चौतारी में."

चौतारी म्हणजे डोंगरवाटेवर वड-पिंपळाच्या सावलीला बांधलेला दगडी पार. पाठीवरचं ओझं उभ्या उभ्या टेकवता येईल एवढ्याच उंचीचा. बहुतेक वेळा घरचं माणूस गेलं की त्याच्या नावाने तो बांधतात. वाटसरू येतो, ओझं टेकवतो, श्वास घेतो आणि त्या न पाहिलेल्या माणसाला दुवा देऊन पुढे जातो. हे सगळं टेक बहादूरने मला एका हातात पाना धरून सांगितलं, आणि मला काय झालं कोण जाणे, रात्री जेवताना माझ्या डोक्यात एक गोष्ट तयार झाली. दुसऱ्या दिवशी इंग्रजी कागद खिशात ठेवला आणि ती गोष्ट सांगितली. एक हमाल होता. कुठल्याही चौतारीवर थांबणार नाही, अशी त्याची बढाई. एक ओलांडली, दुसरी ओलांडली, लोकांना हसत हसत पुढे गेला. शेवटच्या चौतारीपाशी पाय लटपटले म्हणून नाइलाजाने टेकला, आणि वळून पाहतो तर दगडावर त्याचंच नाव.

कुणी मोबाइलकडे बघत नव्हतं. त्या दुपारी शेडमध्ये जागा पुरेना. आठवड्याभरात बंगाली आणि फिलिपिनोसुद्धा "चलो चौतारी" म्हणायला लागले. वरचे साहेब मला विचारत, हे चौतारी काय प्रकरण आहे? मी म्हणायचो, "रेस्ट शेल्टर, सर."

तेव्हापासून मला चटकच लागली. ज्याला त्याला पकडून विचारायचं, तुमच्या भाषेत असा एखादा शब्द सांग जो दुसरीकडे मिळत नाही. शब्द हाती आला की त्याचा अर्थ सांगत बसायचं नाही, एवढं मी अनुभवाने शिकलो. शब्दाला एक माणूस गाठून द्यायचा, त्या माणसाला एखादी खोड द्यायची, आणि मग घोडं कुठे पेंड खातंय ते बघायचं. आणि शेवट त्या दिवशी कधीच सांगायचा नाही. 'शेवट उद्या' म्हटलं की दुसऱ्या दिवशी उशिरा येणारेही वेळेवर हजर! फक्त ती चौतारीची गोष्ट एका दमात सांगून टाकली, कारण तेव्हा अक्कल नव्हती.

शब्द कुठूनही यायचे. अल हिलालमधल्या आमच्या साइटशेजारच्या व्हिलात एक म्हातारे कतारी गृहस्थ राहायचे. धुळीची तक्रार करायला दर आठवड्याला यायचे, आणि तक्रार झाली की थर्मासमधला गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. त्यांनी मला 'समर' दिला. रात्रीचं जेवण झाल्यावर चांदण्यात गप्पा मारत बसणं, त्या नुसत्या बसण्याला अरबीत केवढा देखणा शब्द आहे! पण देताना त्यांनी टोलाही हाणला, "तुम्हारा आदमी रात को मोबाइल पे समर करता, सुबह ऊपर चढता. सोता कब?" दुसऱ्या दिवसाची गोष्ट मला आयती मिळाली.

माझा मुलगा इथेच इंग्रजी शाळेत वाढला. त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. तो म्हणायचा, "अब्बा, यू आर जस्ट अ स्टोरीटेलर विथ अ हेल्मेट." जगभरच्या पोरांना गोष्टी सांगितल्या, याला मात्र लहानपणी सांगायला मी कधी वेळेवर घरी नव्हतो. ते राहिलंच.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतोय, त्या शब्दाकडे येतो. तो मला रोमेलने दिला.

रोमेल फिलिपिनो, आमचा सिग्नलमन. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये उंचावर ऑपरेटर बसतो. त्याला पुष्कळदा माल कुठे उतरतोय ते दिसतच नाही, मध्ये भिंत असते, छप्पर असतं. अशा वेळी मालाजवळ उभा राहून रेडिओवर त्याचे डोळे व्हायचं, हे सिग्नलमनचं काम. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, त्यातला उंटावरचा आंधळा, असा सगळा मामला. म्हणून एक कडक नियम आहे. माल खाली येत असेपर्यंत सिग्नलमनने बोलत राहायचं, "लोअर, लोअर, लोअर." आवाज थांबला की ऑपरेटरने क्रेन थांबवायची. का थांबला, विचारायचं नाही. आणि ऐकायचं ते त्या एकाच आवाजाचं. दुसऱ्या कुणी, अगदी मालकाने येऊन सांगितलं तरी हलायचं नाही.

आमचा ऑपरेटर बिजू, केरळचा. बिजू आणि रोमेलची जोडी म्हणजे जुनं लग्न. रोमेल त्याला 'पारे' म्हणायचा, म्हणजे आपलं 'दोस्ता'. दोघांची रेडिओवर अखंड बडबड, "पारे, वारा कसाय? पारे, आज जेवायला काय?" कामाशिवाय रेडिओवर बोलायचं नाही म्हणून मी त्यांना किती झापलं असेल!

रोमेलने एका सकाळी स्वतःहून शब्द दिला होता, 'टाम्पो'. तो इंग्रजीत बोलायचा, मी मराठीत सांगतो. "सर, परक्याने दुखावलं तर राग येतो. आपल्या माणसाने दुखावलं तर टाम्पो. मग भांडायचं नाही. गप्प बसायचं. त्याने ओळखून जवळ यायचं."

"आणि नाही ओळखलं तर?"

"मग आणखी गप्प बसायचं."

मी मनात म्हटलं, हात्तिच्या, हा तर आपला रुसवा! घरचाच शब्द दारी आला, म्हणून मी तो बाजूला ठेवून दिला. त्याची गोष्ट काही केली नाही.

मग बिजू सुट्टीवरून परत आला. येताना केळ्याचे वेफर आणि कोझिकोडचा हलवा घेऊन आला. चौतारीत सगळं उघडलं, सगळे तुटून पडले. रोमेल तेव्हा दुसऱ्या टोकाला कामावर होता. तो पोचला तेव्हा पाकिटाच्या तळाशी मीठ उरलं होतं. बिजू हसत म्हणाला, "अरे, खतम हो गया! नेक्स्ट टाइम." रोमेलही हसला. "ओके लांग, पारे," म्हणाला. काही हरकत नाही.

हरकत पुष्कळ होती. फिलिपिनो माणूस प्रवासाहून येताना आपल्या माणसासाठी काहीतरी आणतोच. आठवणीने, त्याच्या नावाने वेगळं बांधलेलं. त्याला त्यांच्यात शब्दही आहे, पासालुबोंग. रोमेल स्वतः दर सुट्टीनंतर बिजूसाठी सुकवलेल्या आंब्याचं पाकीट आणायचा. आणि इथे त्याच्या नावाने काही नव्हतंच, जे होतं ते सगळ्यांचं आणि तेही संपलेलं. प्रश्न वेफरचा नव्हता हो!

दुसऱ्या दिवसापासून रेडिओवर फक्त काम. "होइस्ट. स्ल्यू लेफ्ट. लोअर. स्टॉप." पारे नाही, वारा नाही, जेवण नाही. इतकी वर्षं मी ज्यासाठी घसा फोडला तसा चोख रेडिओ अखेर मिळाला, आणि तो मलाच ऐकवेना.

बिजूला बाजूला घेऊन सांगितलं, जा, दोन शब्द बोल. तो म्हणाला, "सर, चिप्स के लिए? वो क्या बच्चा है?" रोमेलला विचारलं तर "नो प्रॉब्लेम, सर." विचारलं म्हणून कबूल केला तर तो रुसवा कसला?

आमचा प्रोजेक्ट इंजिनिअर केदार, पुण्याचा तरुण मुलगा, हुशार आणि सरळ. साइटवर आम्ही दोघेच मराठी, पण बोलायचो इंग्रजीत. मराठी फक्त गंभीर काही असेल तेव्हा. त्याने मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं तेव्हाच मी ओळखलं.

"काका, बुधवारी चिलर वर चढवायचाय." चिलर म्हणजे एसीचं धूड, एखाद्या बसएवढं. गच्चीवर उंच भिंतीच्या आड उतरवायचं, म्हणजे बिजूला काहीही दिसणार नाही. "आणि ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मला रिस्क नको. रोमेलला बदलतो. दुसरा माणूस येतोय."

"बदललात तर त्याची कंपनी त्याला परत पाठवेल, साहेब. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे त्याची."

"मला वाईट नाही का वाटत? पण काही झालं तर कोण उत्तर देणार?"

"मी देईन," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. मग मागे घेता येईना.

बुधवारपर्यंत दोघांच्यात काही हललं नाही. म्हणून बुधवारी पहाटे मी 'टाम्पो' बाहेर काढला. सगळ्यांसमोर गोष्ट सांगितली, आमच्या खाडीची. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, होडी त्यावर चढली की संपली. किनाऱ्यावर एक कंदीलवाला. अंधार पडला की कंदील टांगायचा आणि येणाऱ्या होडीला हाका घालायच्या, "उजवीकडे घे रे!" होडीचा तांडेल, म्हणजे कप्तान, त्याचा जिवाचा दोस्त. एकदा तांडेल मुंबईहून सगळ्या गावाला मिठाई घेऊन आला आणि कंदीलवाल्यालाच विसरला. कंदीलवाला काही बोलला नाही. कंदील वेळेवर टांगत राहिला. फक्त हाका बंद केल्या. आणि एका संध्याकाळी धुकं आलं. तांडेलाला कंदील दिसतोय, दांडा दिसत नाही, आणि हाक काही येत नाही...

"फिर?" टेक बहादूरने विचारलं.

"शेवट उद्या. यल्ला, कामाला लागा."

सगळे वळून बिजूकडे बघत होते. बिजू स्वतःच्या बुटांकडे. रोमेल समोर बघत होता, चेहऱ्यावर काही नाही. दोघं आपापल्या वाटेने गेले. खलास, मी म्हटलं, फुकट गेली गोष्ट.

चिलर उचलला. मी आणि केदार खाली, हातात रेडिओ. गच्चीवर रोमेल, आणि चिलर हेलकावू नये म्हणून त्याला बांधलेली दोरी धरून टेक बहादूर. धूड भिंतीपलीकडे गेलं आणि दिसेनासं झालं. आता फक्त आवाज. "लोअर, लोअर, लोअर, लोअर..."

आणि आवाज थांबला.

क्रेन थांबली. आम्ही वर बघतोय. एक शब्द नाही. शमालचं, म्हणजे वायव्येकडचं, वारं उठायला लागलं होतं, क्रेनच्या टोकावरचा झेंडा फडफडत होता. केदारचंही चुकत नव्हतं, अशा वाऱ्यात बसएवढं धूड टांगून ठेवणं हाही धोकाच. त्याने रेडिओ तोंडाशी नेला. "बिजू, कंटिन्यू. लोअर."

"नो, सर."

"बिजू, वारा वाढतोय. आय ॲम टेलिंग यू, लोअर!"

वरून बिजूचा आवाज आला. "रोमेल बोलेगा, मैं उतारेगा. और कोई नहीं, सर."

माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगतो. मला वाटलं, मीच केलं हे. मीच आज सकाळी त्याच्या हातात कंदील दिला आणि वर गप्प बसायची अक्कलही दिली. या अल्ला, कुणाला काही झालं तर मी त्याच्या घरी काय तोंडाने सांगू? मी जिन्याकडे धावलो. गुडघे कुठले धावतात, पण धावलो.

अर्ध्या जिन्यात असताना रेडिओ खरखरला. रोमेल धापा टाकत होता. "पारे... होल्ड. होल्ड. टेकचा पाय."

झालं होतं असं की दोरीचा फास टेक बहादूरच्या पायात अडकला आणि त्याला चिलरखाली ओढायला लागला. रोमेलने दोन्ही हातांनी त्याला धरलं. रेडिओवर बोलायला बटण दाबून धरावं लागतं, आणि त्याला तिसरा हात नव्हता. त्याने बटण सोडलं, कारण त्याला ठाऊक होतं की आवाज थांबला की बिजू थांबणार. बिजूने आणखी हातभर जरी उतरवलं असतं तर पाय गेला असता, कदाचित पोरगाच गेला असता.

"टेक क्लिअर," रोमेल म्हणाला. "पारे, रेडी?"

कित्येक दिवसांनी पारे ऐकलं. मग भर चॅनलवर, सगळी साइट ऐकत असताना बिजू म्हणाला, "पारे, सॉरी. चिप्स का सॉरी."

"नंतर, पारे. लोअर, लोअर, लोअर..." रोमेलचा आवाज चिलर टेकेपर्यंत थांबला नाही.

मी जिन्यातच खाली बसलो. जिवात जीव आला आणि तोंडातून आपोआप निघालं, "हुश्श!" माझा अंगठा रेडिओच्या बटणावर होता.

"सर, क्या बोला?" बिजूने लगेच विचारलं. "रिपीट."

रेडिओचा नियमच आहे. कळलं नाही तर पुन्हा विचारायचं, आणि सांगणाऱ्याने पुन्हा सांगायचं. नियम मीच शिकवलेला. मी पुन्हा म्हटलं, "हुश्श."

"हुश्श. कॉपी, सर." म्हणजे ऐकलं, कळलं.

खाली आलो तर केदार विटांच्या ढिगावर बसला होता. "काका, मी दोनदा सांगितलं त्याला, खाली घे म्हणून."

"त्याने ऐकलं नाही ना? मग सोडा." मी त्याला पाणी दिलं. बिजू क्रेनवरून उतरल्यावर केदारने जाऊन त्याचा हात हातात घेतला. रोमेलला बदलायची गोष्ट पुन्हा त्याच्या तोंडून निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे गोष्टीच्या शेवटासाठी उभे. खरं सांगू, माझ्याकडे शेवट नव्हता. मी तो रोमेलला विचारला. तो म्हणाला, "तांडेलाने होडी थांबवली, सर. हाक येईपर्यंत पुढे गेलाच नाही. मग कंदीलवाल्याला हाक मारावीच लागली." इतक्या वर्षांत माझ्या एकाही गोष्टीला एवढा चांगला शेवट मला सुचला नव्हता.

पुढच्या आठवड्यात बिजूच्या गावचा कोणीतरी दोह्याला येणार होता. त्याच्या सामानातून हलवा आला, वर रोमेलचं नाव लिहिलेलं. रोमेलने तिथेच उघडला आणि सगळ्यांना वाटला. बिजूला सर्वात आधी.

आणि त्या दिवशी चौतारीत सगळ्यांनी मला घेरलं. सर, तो रेडिओवरचा शब्द सांगा. माझ्या लक्षात आलं, आयुष्यभर मी दुसऱ्यांकडे शब्द मागत आलो, आपला एकही दिला नव्हता. सांगायला गेलो तर जमेना. पाहुणे निघून गेल्यावर आई खाली टेकते तेव्हा म्हणते. डोक्यावरची पाण्याची कळशी उतरल्यावर म्हणतात. पोराचा ताप उतरल्यावर म्हणतात. टेक बहादूर म्हणाला, "समझ गया सर. ये चौतारी का आवाज है." अरे, हेच तर मी केव्हापासून सांगत होतो! त्यानंतर प्रत्येक अवघड माल टेकला की रोमेल रेडिओवर "हुश्श" म्हणायचा आणि वरून बिजू "हुश्श, कॉपी." कामाशिवाय रेडिओवर बोलायचं नाही हा नियम मी त्या एका शब्दापुरता गुंडाळून ठेवला.

काल संध्याकाळी खोके बांधत असताना फोन वाजला. रोमेलचा व्हॉइस मेसेज होता. तो आणि बिजू आता दुसऱ्या साइटवर आहेत, टेक बहादूरही तिथेच आहे. मागे वाऱ्याचा आवाज, लोखंडाचा खणखणाट, आणि मग रोमेलचा तो एकच शब्द. मेसेज एवढाच. माझे डोळे भरून आले, ते लपवायला मी उगाच चष्मा पुसत बसलो.

"कोण आहे?" नसीमने, माझ्या बायकोने, विचारलं. मी फोन तिच्या कानाला लावला.

"अगं बाई! हा मराठी कधी शिकला?"

"शिकला कुठे. एवढा एकच शब्द येतो त्याला."

"मग पुरे झाला की," ती म्हणाली, आणि पुढच्या खोक्याला चिकटपट्टी लावायला लागली.